मेन फ्यूज : एका न पाहिलेल्या तारेची नोंद

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया, तहनामे आणि सनावळ्या येतात. अडतीस वर्षे शाळेत मी तोच इतिहास शिकवला आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण निवृत्तीनंतर मोकळा वेळ मिळाल्यावर असे वाटू लागले की आपल्या घराच्या भिंतीवर टांगलेल्या साध्या वस्तूंनाही इतिहास असतो. तो कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून तो लवकर पुसला जातो. आज अशाच एका वस्तूबद्दल लिहिणार आहे. ती म्हणजे घरातला मेन फ्यूज.

आता कुणी म्हणेल, मास्तर, हा विषय वायरमनचा, तुमचा कसा? विजेतले मला फारसे कळत नाही हे खरेच. पण घराच्या वीजजोडणीचा जो टेस्ट रिपोर्ट असतो, तो एक कागद आहे. आणि कागद खरा की खोटा, तो लिहिणाऱ्याने स्वतः पाहून लिहिले की दुसऱ्याचे उतरवून काढले, हे तपासणे हा इतिहासाच्या शिक्षकाचाच विषय आहे. त्या कागदावर मेन फ्यूज किती अँपिअरचा, असा एक साधा आकडा असतो. तो आकडा कुठून येतो, याची ही हकिकत.

आधी शब्दाबद्दल. 'फ्यूज' हा शब्द लॅटिनमधल्या वितळणे, ओतणे या अर्थाच्या धातूपासून आला. इंग्रजीत ओतशाळेला जो 'फाउंड्री' शब्द आहे, तोही त्याच कुळातला. म्हणजे किर्लोस्करवाडीला नांगराचे फाळ ओतणारी फाउंड्री आणि आपल्या घरातला फ्यूज ही शब्दांच्या नात्याने भावंडेच. आपल्या शालेय पुस्तकांत फ्यूजला 'वितळतार' असे नाव दिले आहे. शब्द चांगला आहे, पण वर्गाबाहेर तो कुणी वापरला नाही. वर्गात 'वितळतार' लिहिणारी मुले घरी गेल्यावर 'फ्यूज उडाला' असेच म्हणत.

ही कल्पना घरगुती विजेपेक्षाही जुनी आहे. १८४७ साली ब्रेगे नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी तारायंत्राच्या कचेऱ्यांसाठी एक युक्ती सुचवली. वीज कोसळली तर तारेतून येणारा लोंढा आतल्या यंत्रांची राख करी. त्यांनी सुचवले की कचेरीत शिरण्याआधी तारेचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवावा. लोंढा आला की तो तुकडा जळेल आणि आतले सगळे वाचेल. पुढे एडिसनने अमेरिकेत घरोघरी दिवे देण्याची व्यवस्था उभारली, तेव्हा फ्यूज हा तिचाच एक भाग झाला आणि १८९० मध्ये त्याने त्याचे पेटंटही घेतले. यातले मर्म एवढेच की साखळीतली एक कडी जाणूनबुजून कच्ची ठेवायची. कुठे तुटायचे हे आपण आधीच ठरवून ठेवायचे, म्हणजे नको तिथे तुटत नाही.

ब्रिटनच्या टपाल खात्यातले अभियंते विल्यम प्रीस यांनी १८८० च्या दशकात वेगवेगळ्या तारा वितळवून पाहिल्या आणि कोणत्या जाडीची तार किती प्रवाहाला वितळते याचा हिशेब मांडला. हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. तांब्याची अर्ध्या मिलिमीटरची तार साधारण २८ अँपिअरला वितळते. तीच तार एक मिलिमीटरची घेतली, तर आपल्याला वाटेल की दुप्पट, म्हणजे ५६. तसे होत नाही. ती ८० अँपिअरच्या आसपास वितळते. जाडी दुप्पट झाली की ताकद जवळजवळ पावणेतीनपट होते. आणखी एक गोष्ट अशी की १५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे १५ ला वितळणारा नव्हे, १५ अँपिअर कायम वाहून नेणारा. तो वितळायला साधारण त्याच्या दुप्पट प्रवाह लागतो. म्हणून १५ अँपिअरसाठी अर्ध्या मिलिमीटरची तार हे कोष्टकात बसते.

आता कायद्याकडे येऊ. हिंदुस्थानात विजेचा पहिला सर्वसाधारण कायदा १९०३ चा. त्याच्या जागी १९१० चा कायदा आला आणि तो जवळजवळ शतकभर, २००३ पर्यंत चालला. त्या कायद्याखाली स्वातंत्र्यानंतर १९५६ साली नियम केले गेले. ते नियम मी मुद्दाम मिळवून वाचले. भाषा रुक्ष आहे, पण ३१ वा नियम मला फार आवडला. त्याचा मथितार्थ असा की वीज पुरवणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत, हाताशी येईल अशा ठिकाणी, आग न लागणाऱ्या बंद पेटीत, प्रत्येक तारेवर योग्य 'कटआउट' बसवून द्यावा. अपवाद फक्त जमिनीशी जोडलेल्या न्यूट्रल तारेचा.

वाचकांनी इथे थोडे थांबावे. घर आपले, भिंत आपली, पण त्या भिंतीवरचा हा फ्यूज आपला नाही. तो पुरवठा करणाऱ्याचा. त्याच्यावर शिशाचे सील असते, ते आपण तोडायचे नसते. त्याच्या अलीकडचे सगळे वीज देणाऱ्याचे आणि मीटरच्या पलीकडचे सगळे घरमालकाचे. जुन्या काळी गावाच्या शिवेवर दगड असे, तसा हा शिवेवरचा दगड. आणि शिवेवरच्या दगडाचे जे होते तेच याचेही झाले. दोन्ही बाजूंना वाटले की त्याची काळजी दुसरा घेतो आहे.

पुढचा ३२ वा नियम न्यूट्रलचा. न्यूट्रल तारेत एकटा फ्यूज किंवा एकटे बटण ठेवायचे नाही. कारण न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो, माणसाला वाटते वीज गेली, आणि फेजची तार मात्र तशीच जिवंत राहते. असे असूनही जुन्या घरांत चिनी मातीच्या दोन ग्रिपा शेजारी शेजारी बसवलेल्या पुष्कळांनी पाहिल्या असतील, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. त्यांतला मेन कुठला, हे विचारले तर घरातले कुणी सांगू शकत नसे. शिवाय ४५ व्या नियमाने वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेण्याचे बंधन घातले, आणि जोडणी देण्याआधी तपासणी करण्याचे नियम त्याच्या पाठोपाठ आहेत. आपला टेस्ट रिपोर्ट या परंपरेतला.

कायदा झाला, पण वीज कुठे होती? मुंबईत १९०५ साली वीज आणि ट्रामची कंपनी निघाली, १९१५ साली खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. पण आपल्याकडच्या खेड्यांत त्या वेळी आणि नंतरही कितीतरी वर्षे रात्र कंदिलाचीच होती. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काचकारखान्यातला 'प्रभाकर' कंदील घरोघर होता. संध्याकाळी काच राखेने पुसणे आणि वात कापणे हे आम्हा मुलांचे काम. कंदिलाची एक गोष्ट चांगली होती. त्यात काय बिघडले ते डोळ्यांनी दिसे. वात चढली, काच काळी झाली, तेल संपले, सगळे समोर. विजेने आपल्याला उजेड भरपूर दिला, पण बिघाड मात्र पेटीत बंद केला.

आमच्या भागात खरा बदल घडवला कोयनेने. पाटण तालुक्यात धरणाचे काम १९५४ साली सुरू झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. (तरुण वाचकांसाठी : १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले होते. म्हणून सातारा आणि सांगली ही मुळात एकाच घरातली.) पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून १९६२ मध्ये वीज निघू लागली. त्यातली बरीचशी सह्याद्री उतरून मुंबईकडे गेली. धरणाखाली ज्यांची घरे-शेते गेली, त्यांनाही वीज मिळायला वाट पाहावी लागली. ही खंत आमच्या पिढीच्या मनात आहे, पण तो वेगळा विषय आहे.

आमच्या कऱ्हाडजवळच्या गावी खांब आले ते १९६५ च्या सुमारास. घरात पाच पॉइंट, सगळे दिवे. ६० वॉटचा एक दिवा म्हणजे पाव अँपिअर. म्हणजे सगळे दिवे एकदम लावले तरी दीड अँपिअरसुद्धा नाही. सोप्यातल्या भिंतीवर लाकडी फळी, तिच्यावर मीटर, मीटरच्या अलीकडे सीलबंद पेटी आणि पलीकडे लोखंडी मेन स्विच. वडिलांना (आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू) त्या फळीचे फार कौतुक. सणाला ते दाराबरोबर त्या फळीलाही हळदकुंकू वाहत.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, आमच्याकडेही भिंती फाटल्या. आम्ही सगळे अंगणात पळालो, आणि अण्णा मात्र आधी मेन स्विच पाडून मग बाहेर आले. आईने त्यांना त्याबद्दल पुढे कितीतरी दिवस बोल लावला. पण जोडणी देताना आलेल्या वायरमनने त्यांना बजावले होते की घराला काही झाले तर आधी मेन बंद करा. त्या काळी माणसे सांगितलेले ऐकत, आणि सांगणाराही स्वतः पाहून सांगत असे.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत घराघरांतला भार वाढत गेला. आधी पंखा, मग इस्त्री, मिक्सर, फ्रिज, मग गिझर. दोन हजार वॉटचा गिझर एकटा पावणेनऊ अँपिअर घेतो, म्हणजे अण्णांच्या काळातले ३०-३५ दिवे एकदम. मीटरच्या फळीवरचा फ्यूज मात्र दिव्यांच्या हिशेबाने घातलेला. मग तो उडू लागला. रात्री फ्यूज उडाला की मंडळी बॅटरी घेऊन उभी राहत, आणि घरात फ्यूजची तार नसे. मग काय मिळेल ते. वायरच्या तुकड्यातली एक तार, नाहीतर दोन तारांचा पीळ. 'जरा जाड घाल, म्हणजे परत उडायचा नाही', हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकले आहे. आता प्रीससाहेबांचा हिशेब आठवून पाहा. जरा जाड म्हणजे किती पट, हे घालणाऱ्याला माहीत नसे. कच्ची ठेवायची कडी सगळ्यांत पक्की झाली, आणि कच्चे राहिले ते घराचे वायरिंग.

यात आणखी एक गोम आहे. फ्यूजच्या चिनी मातीच्या ग्रिपेवर आकडा उठवलेला असतो, १५ किंवा १६, ३०, ३२, ६० अशासारखा. पुष्कळांना वाटते हाच फ्यूजचा आकडा. तो आकडा असतो ग्रिपेचा. ही ग्रिप जास्तीत जास्त इतका भार सोसेल, एवढाच त्याचा अर्थ. आत कोणती तार आहे हे तो सांगत नाही. फडताळातल्या डब्यावर 'साखर' लिहिलेले असले तरी आत मीठ असू शकते, हे आपल्या घरातल्या बायकांना पक्के ठाऊक असते. म्हणून त्या चिमूटभर जिभेवर ठेवून बघतात.

आता कागदाकडे वळतो. सांगलीला गावभागात माझी धाकटी बहीण राहते. घर जुने, खाली दगडी जोते, वर सागवानी तुळया आणि तक्तपोशी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेले ५७ फुटांच्या घरात. बहिणीच्या घराचा खालचा मजला बुडाला, मीटरची फळीही पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर गाळ काढला, भिंती वाळू दिल्या आणि मग वायरिंग तपासून वीज पुन्हा सुरू करण्याचा प्रश्न आला. त्या वेळी मी आठ-दहा दिवस तिच्याकडे होतो.

परवानाधारक ठेकेदाराकडून एक तिशीतला वायरमन आला. आयटीआय झालेला. (सरकारी मराठीत या व्यवसायाला 'तारतंत्री' म्हणतात, हे त्यानेच मला सांगितले.) त्याने मेगर लावून पाहिले. तार आणि जमीन यांच्यातला रोध किमान १ मेगओहम भरायला हवा, तो बहुतेक ठिकाणी भरत नव्हता, कारण भिंतींत अजून ओल होती. मग त्याने जुने कागद मागितले. बहिणीने सगळे जपून ठेवले होते, माडीवरच्या ट्रंकेत असल्याने पुरातून वाचलेले. एकूण तीन रिपोर्ट निघाले : १९७८ चा मूळ जोडणीचा, १९९४ चा भार वाढवल्याचा आणि २००८ चा, घर तिच्या नावावर झाले तेव्हाचा. तिन्हींवर मेन फ्यूज १५ अँपिअर.

बहीण म्हणाली, "तीन-तीन कागदांवर १५ आहे, मग झालं की. तेच लिही तू."

तो म्हणाला, "काकू, तीन कागद आहेत, पण आत कुणी बघितलंय का? ग्रिपेवरचं १५ वाचून लिहिलेलं दिसतंय. मी बघितल्याशिवाय नाही लिहिणार."

"अरे, पण त्याला सील आहे ना?"

"सील आहे म्हणून तर. मी नाही तोडायचं, लाइनमन येऊन तोडतील. नाहीतर 'पाहता आले नाही' असं लिहितो. चालेल?"

मी काही बोललो नाही, पण मनात म्हटले, हा मुलगा माझ्या वर्गात असता तर बरे झाले असते. इतिहासात आम्ही हेच शिकवत आलो. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या वाईला जुनी दफ्तरे हाती आली आणि राजवाडे यांनी त्यांतून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्यांनी मराठी माणसाला शिकवले की बखरीतले वाक्य पुरेसे नाही, अस्सल कागद पाहावा. एक बखर दुसरीवरून उतरवली आणि दुसरी तिसरीवरून, तर साक्षीदार तीन होत नाहीत, एकच राहतो. आणि त्या एकानेही प्रत्यक्ष पाहिले नसेल तर एकही नाही. बहिणीच्या ट्रंकेतले तीन रिपोर्ट म्हणजे अशाच तीन बखरी.

दोन दिवसांनी लाइनमन आला. मीटर बदलायचाच होता, त्याने खांबावरून पुरवठा तोडला, सील काढले आणि ग्रिप ओढून बाहेर काढली. ग्रिपेवर १५ अँपिअर, २५० व्होल्ट. आत तांब्याच्या तारेचा दोन पदरी पीळ, एकेक पदर पाऊण मिलिमीटरच्या आसपास. दोघेही एकमेकांकडे पाहून हसले, पण ते हसणे चांगले नव्हते. वायरमन म्हणाला, "सर, ही तार शंभर अँपिअरच्या आत हलायची नाही." मी नंतर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. त्याचा अंदाज बरोबर होता.

त्याने मग मला मेन स्विचपासून माडीवरच्या बोर्डाकडे जाणारी वायर दाखवली. अॅल्युमिनिअमची, सत्तरच्या दशकातली. त्या काळी तांब्याच्या टंचाईमुळे घरोघर अॅल्युमिनिअमच घालत. ती वायर फार तर २०-२२ अँपिअर सोसणारी, आणि तक्तपोशीच्या फळ्यांमागून गेलेली. म्हणजे त्या वायरीत कुठे बिघाड झाला असता तर ती लाल होऊन लाकडाला आग लागेपर्यंत हा मेन फ्यूज शांत बसून राहिला असता. त्या तक्तपोशीखाली माझी भाची अभ्यास करून मोठी झाली. तिच्या मुलाचा पाळणा त्याच तुळईला टांगलेला होता.

हा पीळ कुणी घातला? कधी? काही कळायला मार्ग नाही. १९७८ नंतरच्या ४१ वर्षांत सील एकदाच लागले होते की मधे बदलले, हेही कुणाला आठवत नव्हते. एखाद्या पावसाळ्या रात्री घरातल्याच कुणी हौसेने केले असेल, एखाद्या भल्या माणसाने अडलेल्यांची सोय म्हणून केले असेल. कुणाकडे बोट दाखवावे असे मला वाटत नाही. पण नोंद करणाऱ्यांबद्दल मात्र वाटते. तार जाड घालणारा निदान अंधारात, घाईत होता. कागद लिहिणारा तर दिवसाउजेडी, खुर्चीवर बसून लिहीत होता.

वायरमनने नव्या रिपोर्टात काय लिहिले ते मी मुद्दाम वाचले. जुना फ्यूज काढून टाकला, आत जाड तार आढळली, नवीन साधन अमुक इतक्या अँपिअरचे बसवले, प्रत्यक्ष पाहिले. शेवटचे दोन शब्द कुठल्याही छापील फॉर्मात नसतात. ते त्याने आपल्या मनाने लिहिले.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असे मात्र समजू नये. माझा एक भाचा इंग्लंडात लेस्टरला राहतो. त्याने घर घेतले तेव्हा तिथल्या वीजतपासनिसाचा अहवाल मला फोनवर वाचून दाखवला. तिथेही मेन फ्यूज पुरवठा करणाऱ्या कंपनीचा आणि सीलबंद. तो बहुधा ६०, ८० किंवा १०० अँपिअरचा असतो. अहवालात त्याचा प्रकार आणि आकडा लिहायला स्वतंत्र रकाना आहे. तिथेही पेटीवर जो आकडा असतो तो पुष्कळदा पेटीच्या क्षमतेचा, आतल्या फ्यूजचा नव्हे. भाच्याच्या अहवालात त्या रकान्यात आकडा नव्हता. सील असल्यामुळे पाहता आले नाही, ही तपासणीची मर्यादा आहे, असे स्वच्छ लिहिले होते. भाच्याला ते अपुरे वाटले. "मामा, पैसे घेतले आणि माहीत नाही म्हणून लिहिलं," असे तो म्हणाला. मी त्याला सांगितले, अरे, तो सबंध अहवालातला सगळ्यांत भरवशाचा रकाना आहे. ज्याने तिथे 'पाहिले नाही' लिहिले, त्याने बाकीच्या ठिकाणी पाहून लिहिले असेल असा विश्वास बसतो.

गेल्या काही वर्षांत बरेच बदलले आहे. विद्युत मंडळाच्या २००५ साली वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. १९५६ च्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांनी घेतली आणि त्यांची २०२३ च्या नियमांनी. २०१० च्या नियमांत 'कटआउट' हा जुना शब्द जाऊन 'स्विचगिअर' हा मोठा शब्द आला. चिनी मातीच्या ग्रिपा जाऊन एमसीबी आल्या. एमसीबीत तार घालावी लागत नाही, म्हणून पीळ घालण्याची सोयच उरली नाही, हे फार चांगले झाले. माणूस चिकटला किंवा वीज जमिनीत गळू लागली तर तत्काळ पुरवठा तोडणारी आरसीसीबीही घरोघरी बसू लागली आहे. पण मूळ प्रश्न आहे तिथेच आहे. एमसीबी वारंवार पडते म्हणून १६ ची काढून ३२ ची बसवणारे महाभाग आहेतच. वायर तीच, फक्त राखणदार बदलला. जुन्या म्हणीप्रमाणे आजारापेक्षा औषध भयंकर.

नातेवाईक मंडळींना आणि विशेषतः सातारा-सांगलीच्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. आपल्या घराचा टेस्ट रिपोर्ट शोधून काढा. त्यावर मेन फ्यूजचा आकडा असेल तर तो कुणी, केव्हा आणि पाहून लिहिला का, हे पुढच्या वेळी येणाऱ्या माणसाला विचारा. सील स्वतः तोडू नका, ग्रिप स्वतः ओढू नका. तो कायदाही नाही आणि शहाणपणाही नाही. पुरवठा करणाऱ्याकडे रीतसर अर्ज द्या आणि त्यांच्या माणसासमोर आपल्या वायरमनला बघू द्या. मेन फ्यूज किंवा मेन एमसीबी किती अँपिअरची, त्यापुढची वायर किती जाडीची, हे दोन आकडे आणि पाहिल्याची तारीख एका कागदावर लिहून मीटरच्या पेटीत चिकटवा. आणि कुणी तपासनीस 'पाहता आले नाही' असे लिहू म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नका. त्याला चहा द्या.

घराची कागदपत्रे आपण खरेदीखत, सातबारा, वारसनोंद इतक्यापुरती जपतो. त्यांत एका बारीक तारेची नोंद बसवायला हरकत नाही. खरेदीखतात चूक निघाली तर कोर्टात जाऊन दुरुस्त करता येते. या नोंदीतली चूक एखाद्या रात्री, सगळे झोपेत असताना कळते.

आपल्या गावात वीज कोणत्या साली आली, पहिला मीटर कुणाच्या घरी बसला, घरातल्या जुन्या ग्रिपेत काय सापडले, हे वाचकांना आठवत असेल तर जरूर कळवावे. असा इतिहास कुठल्याच दफ्तरात मिळायचा नाही. तो आपणच लिहून ठेवायला हवा, आणि पाहून लिहायला हवा.